माणूस गेला तर गोठ्यातल्या जनावरांचं पुढे काय होईल?

अकोलेकर: आमच्या दावणीला डांगी गाय आहे आणि एक होल्स्टिन, म्हणजे भरपूर दूध देणारी विदेशी गाय. डांगी भर पावसात चरते, कातडीच तेलकट, पाणी निथळून जातं. होल्स्टिनला उन्हाळ्यात पंखा लागतो. समजा उद्या माणूसच उरला नाही, तर लाखभर वर्षांनी यांचे वंशज कसे दिसतील?

रानवाट: होल्स्टिनचे? दिसणारच नाहीत बहुधा. एवढी जड कास घेऊन बिबट्यापुढे पळणार कशी! डांगीचे काळे टणक खूर डोंगरात चालतात, ती तगेल. कास आटेल, दूध वासरापुरतं. शिंगं वाढतील असा माझा अंदाज.

जुनी_मेंढी: लाख वर्षं कशाला? स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा बेटांवरून १९३० मध्ये माणसांची वस्ती उठली. तिथल्या हिर्टा बेटावर मोकाट सोडलेल्या ‘सोय’ जातीच्या मेंढ्या गेल्या काही दशकांत आकाराने लहान होत गेल्या. हिवाळे सौम्य झाले, त्यामुळे पूर्वी दगावणारी किरकोळ कोकरंही जगू लागली. यातला बराचसा बदल हवामानाचा, जनुकांचा कमी, म्हणून याला लगेच उत्क्रांती म्हणू नका.

रानवाट: हे भारी आहे. रेशमाच्या पतंगाला तर एवढीही संधी नाही. त्याला उडताच येत नाही.

अकोलेकर: आणि शेळी? आमची तर आत्ताच कुणाचं ऐकत नाही.

जुनी_मेंढी: शेळीची काळजी सोडा. झाडांची करा.