मदत हवी आहे: मास्टर्स थिसिस पुरस्कारासाठी गाईडशिवाय पाठवता येतो का? शुक्रवार शेवटचा दिवस

वेतोबाची_लेक | सोमवार, रात्री ११.४०

घाईत लिहिते आहे. माझा थिसिस पुरस्कारासाठी पाठवायचाय आणि शुक्रवारी मुदत संपते. गाईड मॅडमना तीन मेल केले, एकाचंही उत्तर नाही. त्यांच्याशिवाय पाठवता येतो का? कोणी पाठवला असेल तर प्लीज लगेच सांगा. हा पुरस्कार मला खरंच हवाय.

प्राजक्त७ | सोमवार, रात्री ११.५२

कुठला पुरस्कार? विषय काय? एम.ए. की पीएचडी? यातलं काहीच लिहिलेलं नाही, कसं सांगणार?

जुना_मास्तर | मंगळवार, सकाळी ६.१५

मुली, मेलवर काम होत नाही. मी ३१ वर्षं पदव्युत्तर वर्गांना शिकवलं आहे. सरळ विभागात जा, मॅडमच्या केबिनबाहेर बस. आधी गाईडची सही, मग विभागप्रमुखांची शिफारस, मग शिक्का, आणि मगच अर्ज पुढे. योग्य मार्गाने न आलेला अर्ज उघडतसुद्धा नाहीत. आजच जा.

वेतोबाची_लेक | मंगळवार, सकाळी ११.०५

सॉरी, रात्री अर्धवट लिहिलं. सर, मी नेदरलँड्समध्ये आहे आणि मॅडम संशोधनाच्या रजेवर देशाबाहेर आहेत, केबिनला कुलूप आहे. पुरस्कार लायडनच्या आयआयएएसचा, म्हणजे इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर एशियन स्टडीजचा. आशिया अभ्यासातल्या उत्तम मास्टर्स थिसिससाठी देतात. विजेत्याला काही महिने त्यांच्याकडे राहून पीएचडीचा प्रस्ताव लिहिता येतो. माझा जीव त्या महिन्यांतच अडकलाय. घरी परतले तर पुन्हा जुनी नोकरी धरावी लागेल, आणि मग प्रस्ताव कधी लिहून होईल असं वाटत नाही.

डेल्फ्टकर | मंगळवार, दुपारी १.२०

हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर रात्रीतच उत्तर मिळालं असतं. माझ्या बायकोने काही वर्षांपूर्वी याच पुरस्कारासाठी थिसिस पाठवला होता. तो डच विद्यापीठांतून झालेल्या थिसिसनाच मिळतो, विषय मानव्यविद्या किंवा समाजशास्त्रांतला आणि आशियाशी संबंधित असावा लागतो. विद्यार्थी स्वतः पाठवू शकतो, गाईडही पाठवू शकतात. तिने स्वतःच पाठवला होता. यंदाची सूचना तरीही ओळ न् ओळ वाचा.

आता दोन गोष्टी सांगा. मार्क किती? आणि मार्क कोणत्या तारखेला नोंदवला गेला? आठच्या खालचा थिसिस ते विचारात घेत नाहीत. कोणत्या काळातले थिसिस चालतील हेही सूचनेत दिलेलं असतं. मार्क दिल्याची तारीख आणि तो नोंदवल्याची तारीख यात कधीकधी महिन्याचा फरक पडतो.

जुना_मास्तर | मंगळवार, दुपारी २.०२

दहापैकी आठ हा निकष मला सौम्य वाटतो. आमच्याकडे हल्ली अर्ध्या वर्गाला आठच्या वर सीजीपीए असतो.

डेल्फ्टकर | मंगळवार, दुपारी २.३०

सर, हे आकडे सारखे दिसले तरी तुलना होत नाही. इथे साडेपाचला पास होतात, सात मिळाला तरी मुलं समाधानी असतात. आठ म्हणजे फार चांगलं काम, नऊ क्वचित, दहा जवळपास कोणी देतच नाही. इथला आठ गुणपत्रिकेवर बघून भारतातल्या एका मुलाखतीत माझ्या मित्राला 'जेमतेम' म्हणाले होते. तो ते अजून विसरलेला नाही.

वेतोबाची_लेक | मंगळवार, संध्याकाळी ५.४५

मार्क आठ. तारीख मुदतीत बसते, आत्ताच पोर्टलवर पाहिली. खूप आभार, स्वतः पाठवता येतो हे वाचून जीव भांड्यात पडला.

पण मॅडमना मला दुसरीही एक गोष्ट विचारायची होती. माझा विषय एका छोट्या बंदराचा आहे, वेंगुर्ल्याचा. अर्धा थिसिस डच ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीवर आणि अर्धा आजच्या वेंगुर्ल्यात त्या पडक्या इमारतीबद्दल लोक काय सांगतात यावर. जपान, चीन, इंडोनेशियावरच्या थिसिसपुढे हे फारच गावापुरतं वाटेल का?

सागरी_वाटा | मंगळवार, संध्याकाळी ६.३०

वाटेल. स्पष्ट सांगतो, कारण मी याच क्षेत्रात आहे. परीक्षकांना वेंगुर्ला नकाशावर सापडणार नाही. सोबतच्या पत्रात पहिलं वाक्य हिंदी महासागराचं हवं. वखार सुरू झाली १६३७च्या सुमारास. डच तेव्हा गोव्याची नाकेबंदी करत होते, त्या जहाजांना जवळचं ठाणं हवं होतं, म्हणून त्यांचा वकील योहान फान ट्विस्ट आदिलशहाकडे विजापूरला गेला. बटाविया (आजचं जकार्ता, डच कंपनीचं आशियातलं मुख्य ठाणं), गोवा, विजापूर असे तीन कोन मांडा. वेंगुर्ला त्यात एक बिंदू. शीर्षकसुद्धा त्या दृष्टीने बदला.

रापणकार | मंगळवार, रात्री ८.१०

बिंदू? आमचा गाव बिंदू? बाय, तू वेंगुर्ल्यार एवढा लिवलंस, वाचून बरा वाटला. आरवलीची मा तू? नावावरून ओळखलंय.

मराठीत लिहितो, सगळ्यांना समजू दे. मी वखारीच्या मागच्या वाटेने शाळेत जायचो. तेव्हा वरच्या मजल्याच्या भिंती धड होत्या. आता झाडांची मुळं चिऱ्यांतून आत गेली आहेत, दर पावसाळ्यात काही ना काही खाली येतं. संरक्षित स्मारक म्हणायचं, आणि डोळ्यांदेखत ते ढासळताना बघायचं. ज्यांना नकाशावर सापडत नाही त्यांना सापडेल असंच लिही.

सागरी_वाटा | मंगळवार, रात्री ८.४०

दादा, गावाचा अपमान करायचा नव्हता. पण स्पर्धेत मांडणी लागते. प्रादेशिक अभ्यास म्हणजे मोठ्या प्रदेशाबद्दल काहीतरी म्हणणं. एका गावाचं वर्णन म्हणजे गॅझेटियर.

शेवंती | मंगळवार, रात्री ९.०५

मला हे पटत नाही. भाषा येणं, जागेवर जाणं, स्थानिक कागद आणि स्थानिक माणसं दोन्ही वाचता येणं, हाच तर प्रादेशिक अभ्यासाचा पाया. महासागराबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. जुनं डच हस्ताक्षर वाचून त्याच गावातल्या बाईशी मालवणीत बोलू शकणारे किती आहेत? ताई, तुझं बळ तेच आहे. पत्रात तेच वर ठेव.

आणि शीर्षक बदलायचं कसं? थिसिसला मार्क मिळून गेलेत ना?

मोडीप्रेमी | मंगळवार, रात्री ९.५०

माझा मुद्दा वेगळा आहे. डच कागद पाहिले, मोडी कागद पाहिले का? सावंतवाडीकडचे कागद न बघता वेंगुर्ल्यावर लिहिणं म्हणजे एका डोळ्याने बघणं. शुक्रवारपर्यंत निदान एक परिशिष्ट तरी जोडा. मी लिप्यंतराला मदत करीन, मोबदला नको.

वेतोबाची_लेक | मंगळवार, रात्री १०.३०

मोडीप्रेमी, तुमचं म्हणणं खरं आहे. ही उणीव मी शेवटच्या प्रकरणात लिहिली आहे, पीएचडीत मला तेच करायचंय.

आणि हो, मी सध्या थिसिस सुधारतेच आहे. मार्क मिळाल्यावर तिसऱ्या प्रकरणातल्या तळटिपांत चुका दिसल्या, दोन ठिकाणी कागदाचा क्रमांक उलटसुलट झालाय. त्या दुरुस्त केल्या, प्रस्तावना नव्याने लिहिली. हीच प्रत पाठवू का, हे मॅडमना विचारायचं होतं. म्हणूनच अडले आहे.

शेवंती | मंगळवार, रात्री १०.४१

थांब! हे आधी का नाही सांगितलंस? सुधारलेली प्रत अजिबात पाठवू नकोस. ज्या प्रतीला आठ मिळाले तीच पाठव. दुसऱ्या प्रतीला कोणी मार्क दिलेलेच नाहीत.

डेल्फ्टकर | मंगळवार, रात्री १०.५५

शेवंतीशी १०० टक्के सहमत. विद्यापीठाच्या संग्रहात जमा केलेली पीडीएफ उतरवून घ्या आणि तीच जोडा. घरच्या संगणकातली नको, तिच्यात नकळत बदल झालेले असतात. तळटिपांची चूक खुपत असेल तर एका पानाचं शुद्धिपत्र स्वतंत्र करा आणि ते चालेल का हे आयोजकांनाच मेलने विचारा. मॅडमना आता फक्त 'मी पाठवते आहे' इतकं कळवा. परवानगी मागू नका, म्हणजे उत्तराची वाट बघावी लागणार नाही.

विमानाची_खिडकी | बुधवार, सकाळी ८.२०

सगळं वाचलं नाही, पण नेदरलँड्स दिसलं म्हणून लिहिते. पदवीनंतर तीन वर्षांच्या आत 'झूकयार'साठी अर्ज करता येतो. नोकरी शोधायला एक वर्षाचा परवाना मिळतो आणि त्या वर्षात काम करायला वेगळी परवानगी लागत नाही. मी त्यावरच राहिले. मात्र जुना परवाना संपायच्या आत अर्ज करा, नंतर फार धावपळ होते.

प्राजक्त७ | बुधवार, सकाळी ९.००

हे तिने विचारलंच नव्हतं, पण तिला उपयोगी पडेल. त्या महिन्यांसाठी परवाना लागेलच ना?

वेतोबाची_लेक | बुधवार, दुपारी १२.१५

हो, लागेल. माझा परवाना जानेवारीत संपतो. हे डोक्यातच नव्हतं, मनापासून आभार.

आता एकच शंका. मुलाखती दिलेल्या लोकांची खरी नावं थिसिसमध्ये आहेत. त्यांनी आनंदाने दिली होती. एका आजींनी तर बजावलं होतं, "माझा नाव घाल हां." पण तेव्हा पुरस्काराचा विषय नव्हता.

शेवंती | बुधवार, दुपारी १.००

संमती कशासाठी घेतली होतीस? फक्त परीक्षेसाठी की प्रकाशनासाठीही? परीक्षकांनी वाचणं म्हणजे प्रकाशन नाही, त्यामुळे आत्ता अडचण नसावी. पण लेख छापायची वेळ आली तर प्रत्येकाला पुन्हा विचार. आजींना तर पहिल्यांदा. त्यांना नाव हवं असेल तर ते काढून टाकणंही बरोबर नाही.

मोडीप्रेमी | बुधवार, दुपारी ३.३०

विषयांतर होतंय, पण राहवत नाही. शिवराज्याभिषेकाची हकीकत वेंगुर्ल्याच्या वखारीतूनच डचांनी वरिष्ठांना कळवली होती, १६७४ साली. ते मूळ पत्र ताईंनी पाहिलं का? तुम्ही लोक शोधता तरी कसं? लाखो पानं आहेत.

वेतोबाची_लेक | बुधवार, संध्याकाळी ७.१०

ते मूळ हस्ताक्षरात अजून वाचलेलं नाही, माझा काळ त्याच्या आधी थांबतो. शोधायचं असेल तर हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कंपनीच्या कागदांचा क्रमांक १.०४.०२ आहे, बराच भाग ऑनलाईन आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या हाउखेन्स इन्स्टिट्यूटचा 'ग्लोबलाईज' नावाचा प्रकल्प आहे. त्यांनी सुमारे ५० लाख पानं यंत्राकडून वाचून घेऊन शोधण्याजोगी केली आहेत. पण 'वेंगुर्ला' टाकून काही मिळत नाही. डच ते 'विंगुर्ला' लिहायचे, तेही प्रत्येक कारकून वेगळ्या स्पेलिंगने. पहिला महिना मला वाटत होतं की वखारीबद्दल काहीच उरलेलं नाही. मग एका शेजाऱ्याच्या सांगण्यावरून सुरुवातीचं अक्षर V ऐवजी W केलं आणि पानंच्या पानं उघडली. त्या रात्री मी आईला फोन करून रडले होते.

सागरी_वाटा | बुधवार, रात्री ८.००

हे वाचून माझं मत थोडं बदललं. हाच प्रसंग पत्रात दोन ओळींत लिहा. महासागर दुसऱ्या परिच्छेदात आला तरी चालेल, पण येऊ दे.

वेतोबाची_लेक | गुरुवार, रात्री ११.२०

पाठवला. संग्रहातली मूळ प्रत, शीर्षक तेच. शुद्धिपत्राबद्दल विचारलं होतं, उत्तर आलं नाही, म्हणून ते जोडलं नाही. पत्र वेंगुर्ल्यापासून सुरू केलं, महासागर दुसऱ्या परिच्छेदात आहे. मॅडमचा आज दुपारी एका ओळीचा मेल आला: नक्की पाठव.

रापणकार दादा, एक काम सांगू? वखारीची समुद्राकडची भिंत या पावसाळ्यानंतर कशी आहे, एक फोटो काढून टाकाल का? माझा शेवटचा फोटो दोन वर्षांपूर्वीचा आहे.

रापणकार | शुक्रवार, सकाळी ६.४०

रविवारी जातंय. सकाळी ऊन त्या बाजूक नसता, दुपारनंतर काढतंय.

जुना_मास्तर | शुक्रवार, सकाळी ७.१०

विभागप्रमुखांची शिफारस जोडली का?