आपदा मित्रात नाव द्यायचं आहे, पण पोहणं कच्चं

धानबांधी: ब्रह्मपुरी तालुका, वैनगंगेच्या काठचं गाव. वय 34. 2020 च्या ऑगस्टात गोसीखुर्द धरणाची 33 दारं उघडली तेव्हा घरात कमरेइतकं पाणी शिरलं, आईला मी धानाच्या कोठीवर बसवलं होतं. आता आपदा मित्रासाठी, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या सरकारी योजनेतल्या स्वयंसेवकांसाठी, नावं मागताहेत. माझं पोहणं बोडीत (गावच्या लहान तळ्यात) डुंबण्यापुरतं. घेतील का? पैसे मिळतात का, हा बायकोचा प्रश्न.

जुना डोंगा: द्या नाव बिनधास्त. पगार नाही, वहिनींना आजच सांगून टाका. माझं प्रशिक्षण 12 दिवसांचं झालं. पहिला धडा काय, तर पाण्यात उडी मारायची नाही! बुडणारा गळ्यालाच मिठी मारते न बाप्पा. पाच लिटरची तेलाची कॅन घ्या, आत थोडं पाणी ठेवा (रिकामी हवेत भरकटते), झाकण घट्ट लावा, मुठीला दोर बांधा अन् त्याच्या पलीकडे फेका. मग ओढत आणा.

आशाताई: पूर कधीतरी येतो, धानाच्या रोवणीत साप रोजचाच. मागच्या पावसाळ्यात साप चावलेल्या एकीचा पाय लुगड्याच्या काठानं करकचून बांधून आणला, काळानिळा पडलेला. बांधू नका, चिरा देऊ नका. जोडवी काढा, पाय हलू देऊ नका, 108 लावा. गाडी बांधीपर्यंत (धानाच्या शेतापर्यंत) येत नाही, खाटेवरून सडकेपर्यंत न्यायला चार माणसं आधीच ठरवून ठेवा.

धानबांधी: नाव दिलं. कॅन बोडीत फेकून पाहिली, पहिलीच म्हशीला लागली.