मदत हवी आहे: इंदूरच्या आसपास लॅब्राडोरला मोकळं फिरवायला जागा

रामबागकर
नर लॅब्राडोर, वय दोन वर्षं, वजन २८ किलो, लसी पूर्ण. कॉलनीच्या बगीच्यात चौकीदार आत सोडत नाही. रविवारी गाडीने तास-दीड तासात पोचता येईल अशी जागा हवी आहे. पुढेमागे मांडू आणि पचमढीलाही जायचं आहे. कुठे चालतं, कुठे नाही? सोबत काय न्यावं?

मालवा_भटकंती
दादा, आधी जागा कोणाच्या ताब्यात आहे ते पाहा. निम्मी यादी तिथेच गळते. रालामंडल हे अभयारण्य, म्हणून बाद. पचमढीतले बरेच पॉइंट सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतात, तेही बाद. यामागे कारण आहे: डिस्टेंपरसारखे रोग पाळीव कुत्र्यांकडून जंगली जनावरांत जाऊ शकतात. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत हाच विषाणू सापडला होता.

मांडूत जहाज महाल, रूपमती मंडप या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित इमारती. १९५९ च्या नियमांनुसार तिथे जनावर आत नेता येत नाही. दोघं असाल तर आळीपाळीने बघा. कुत्र्याला गाडीत कोंडून जाऊ नका, काच थोडी खाली ठेवली तरी आतली गरमी फारशी कमी होत नाही.

सिरपूर आणि यशवंतसागर हे तलाव २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत. हिवाळ्यात काठावर पाणपक्षी उतरलेले असतात, तेव्हा लॅब्राडोर तिथे नकोच. पाणी दिसलं की तो कोणाचं ऐकणार आहे?

उरला जानापावचा डोंगर. पायथ्यापासून सकाळी लवकर चढा, पट्टा सोडू नका, वरच्या परशुराम मंदिराच्या कुंडापासून लांब राहा. महू-चोरलच्या डोंगरपट्ट्यात बिबट्या आहे आणि कुत्रा ही त्याची आवडती शिकार, तेव्हा अंधार पडायच्या आत परत फिरा. पाताळपाणीच्या धबधब्यावर पावसाळ्यात पाण्यात उतरवू नका. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असताना लोंढा येतो. २०११ मध्ये माणसं वाहून गेली होती. महूभोवती लष्कराच्या फायरिंग रेंज आहेत, पाटी किंवा लाल झेंडा दिसला की मागे वळा.

गोचीड_वैरी
जागेइतकाच महिना महत्त्वाचा. पावसाळा सरला की माळावरचं गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. कुसळाला एकाच दिशेचे काटे असतात, त्यामुळे ते आतच सरकत जातं, आपोआप बाहेर येत नाही. फिरून आलं की बोटांमधली कातडी, काखा, कानाच्या पाळीची आतली बाजू आणि पापण्या, केसांच्या उलट दिशेने हात फिरवून चाचपा. एकच पंजा सारखा चाटणं, एका बाजूला डोकं झटकणं, अचानक लागोपाठ शिंका येणं, ही कुसळाची लक्षणं. कानात गेलेलं स्वतः काढू नका, डॉक्टरच काढतील.

गोचीड दिसली तर बारीक चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, तेल लावू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, सुस्ती, फिकट हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसलं तर रक्ततपासणी लगेच. साचलेल्या डबक्याचं पाणी पिऊ देऊ नका, त्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचा) धोका असतो.

पाणी: किलोमागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिली, म्हणजे तुमच्याला दीड लिटरच्या आसपास. फिरायला निघताना वेगळं एक लिटर घ्या. पोटभर खाऊ घालून दोन तास तरी पळवू नका.

रामबागकर
धन्यवाद ताई. दहा मीटरची दोरी लावून सोडलं तर? आणि वाटेतली गावची कुत्री?

मालवा_भटकंती
पाच मीटर पुरे. ती गळपट्ट्याला नको, छातीच्या हार्नेसला बांधा. पळत सुटलेल्या २८ किलोच्या झटक्याने मान दुखावते. हाताला वेढे घेऊ नका, बोट मोडतं.

गावची कुत्री आली तर थांबा, आपल्या कुत्र्याला मागे घ्या आणि आल्या वाटेने हळू परत फिरा. दोरी ताणलेली राहिली की तुमचा कुत्रा आणखी चिडतो. त्यांच्यापुढे बिस्किटं टाकू नका, त्यावरूनच जुंपते. त्यांची हद्द संपली की बहुतेक थांबतात. भांडण खरं होतं ते शेळ्यांवरून. कळप दिसताच दोरी आखडा, मग गुराख्याला रामराम घाला.

लोकमान्यनगर_काकू
आणि बगीच्याचं काय, ते सोडूनच दिलंत सगळ्यांनी. २०१५ च्या परिपत्रकात पशु कल्याण मंडळाने सरसकट बंदीऐवजी वेळा ठरवायचा मार्ग सांगितला आहे. सोसायटीला लेखी अर्ज द्या: पहाटेची ठरावीक वेळ, पट्टा बांधलेला, घाण आपणच उचलणार. सोबत लसीकरण कार्डाची प्रत जोडा. चौकीदाराशी वाद घालून उपयोग नाही, तो हुकुमाचा ताबेदार.

कुत्र्यापासून कोणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये म्हणून योग्य खबरदारी घेतली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून लहान मुलं खेळायच्या वेळा मागूच नका.