मुलीला कंपवाताचं औषध लिहून दिलंय, द्यायचं का? मदत हवी आहे

सुरंगी:
मालवणहून लिहितेय, लवकर उत्तर हवंय. डॉक्टरांनी मुलीला लेव्होडोपा-कार्बिडोपा दिलंय, पाव गोळीपासून. दुकानदार म्हणाला, हे पार्किन्सनच्या म्हाताऱ्यांचं औषध. तेव्हापासून सासूबाई पुडीला हात लावू देत नाहीत. तीन दिवस गेले. कोणी लहान मुलांना दिलंय का? एमआरआय नॉर्मल आहे.

नीलमोहोर:
वय? आणि होतंय काय नेमकं?

सुरंगी:
सात पूर्ण. डावा पाय आत वळतो, टाच टेकत नाही, कंबर एका बाजूला जाते. सारखी पडते.

देवगडचे तात्या:
बाय, घाबरू नको. आमच्या झिलाचो पाय असोच वाकडो पडायचो. रोज खोबऱ्याच्या तेलान मालीश केली, मोठो झाल्यावर सरळ झालो. औषध कित्याक व्हया?

पडाव:
तळवे सपाट असतील. भाच्याला कोल्हापुरात इन्सोल करून घेतले, सहा महिन्यांत फरक.

नीलमोहोर:
सपाट तळव्यांत टाच वर राहत नाही हो. आणि तात्या, मोठी होईपर्यंत थांबा असं कृपया सांगू नका. सुरंगी, दिवसभर सारखंच असतं का?

सुरंगी:
नाही. सकाळी धावत शाळेत जाते. दुपारनंतर पाय ओढते, दिवेलागणीला खळ्यातून पडवीत यायला भिंत धरते. झोपून उठली की परत बरी. म्हणून तर घरचे म्हणतात, अभ्यास नको म्हणून सोंग करते. तिच्या डाव्या चपलेची बाहेरची कड कागदासारखी झिजलीय. सोंगाने चप्पल झिजते का?

नीलमोहोर:
हे आधी लिहायला हवं होतंत! मी मुलांची फिजिओथेरपी करते. सकाळी बरं, संध्याकाळी वाईट, झोपेनंतर पुन्हा बरं, ही डोपा-रिस्पॉन्सिव्ह डिस्टोनियाची, म्हणजे लेव्होडोपाने सुधारणाऱ्या, स्नायू आपोआप पिळवटण्याच्या आजाराची खूण. जपानच्या सेगावांनी 1976 साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. 1994 मध्ये जीसीएच1 हा जनुक सापडला. त्यात दोष असला की मेंदूत डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन कमी बनतं, आणि स्नायू किती ताणायचा, किती सैल सोडायचा हा निरोप नीट पोचत नाही. मुलींमध्ये जास्त दिसतं. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, लेव्होडोपा शिरतं आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. कार्बिडोपा ते वाटेतच खर्ची पडू देत नाही. पार्किन्सनमध्ये डोपामिन बनवणाऱ्या पेशीच मरतात, इथे त्या शाबूत असतात. म्हणून थोड्या डोसवर बहुतेक मुलं वर्षानुवर्षं चांगली राहतात. काहींना सीपी (सेरेब्रल पाल्सी, मेंदूच्या इजेमुळे येणारं अपंगत्व) समजून वर्षं वाया गेलेली असतात.

पडाव:
इंटरनेटवर निदान करू नका. विल्सनची, म्हणजे शरीरात तांबं साठण्याच्या आजाराची, तपासणी केलीय का? त्यातही असे हातपाय वळतात.

नीलमोहोर:
निदान डॉक्टरांचंच. पण विल्सनचं बरोबर बोललात. सुरंगी, रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) बघितलंय का, विचारा.

सुरंगी:
तांब्याची का कसली ती तपासणी झालीय, नॉर्मल आली.

देवगडचे तात्या:
गोव्याक बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलाक घेवन जा. कोल्हापूरचो घाट पोराक सोसाचो नाय.

पडाव:
चतुर्थीच्या गर्दीत गोव्याची गाडी मिळणार आहे का? तिकिटं कधीच संपलीत.

सुरंगी:
गाडीचं राहू द्या. गोळी जेवणाबरोबर द्यायची का? दुपारी घरात मासेच असतात.

नीलमोहोर:
मासे, डाळ, दूध यांतली प्रथिनं लेव्होडोपाच्या आड येतात. वेळ डॉक्टरांना विचारा, पण साधारण जेवणाच्या अर्धा तास आधी देतात. मळमळ झाली तर सोबत बिस्कीट. डोस मनाने वाढवू नका, एकदम बंदही करू नका. सकाळी सात आणि संध्याकाळी सातचा चालतानाचा व्हिडिओ काढा.

सुरंगी:
संध्याकाळचा आत्ताच काढला, सासूबाईंनीच मोबाईल धरला. डॉक्टरांना फोन केला, उद्या सकाळी पहिली पाव गोळी. चपला पिशवीत भरून ठेवल्यात, पुढच्या वेळी त्यांना दाखवायला.