मदत हवी आहे: हायब्रिड गाडीचा ब्लॉक हीटर चालतोय की नाही, कसं ओळखायचं?

थंडीतला_पाहुणा:
गाडीला ब्लॉक हीटर (थंडीत इंजिन ऊबदार ठेवणारा विजेचा हीटर) बसवून घेतलाय. रात्रभर प्लग लावून ठेवतो, तरी सकाळी बटण दाबलं की इंजिन सुरू होतं ते होतंच. मग हायब्रिड घेऊन मिळवलं काय? बसवणारा म्हणतो, थंडीत असंच असतं. पैसे घेतले आणि विषय संपवला. शनिवारी त्याला जाब विचारायला जाणार आहे. त्याआधी कुणीतरी सांगा, हीटर बिघडलाय का? पुढच्या आठवड्यात मायनस ३५ दाखवतायत.

रेजायनाकर:
कुठली गाडी? कुठल्या सालची? गाव कुठलं? प्लग-इन (बाहेरून चार्ज होणारी) आहे की साधी हायब्रिड? एवढं तरी लिहा हो.

थंडीतला_पाहुणा:
टोयोटा रॅव्ह-फोर हायब्रिड, २०२१. साधी. विनिपेग, कॅनडा. आता सांगा.

कृष्णाकाठ:
मध्येच विचारते, राग मानू नका. रात्रभर प्लग लावता म्हणजे गाडी चार्ज होते ना? मग पेट्रोल कशाला लागतं? माझा भाचा तिकडेच असतो, म्हणून विचारलं.

जुनी_प्रियस:
नाही ताई, ते चार्जिंग वेगळं. हा इंजिनला बसवलेला छोटा विजेचा हीटर, इंजिन ऊबदार ठेवतो इतकंच.

लेह_परत:
आम्ही लडाखला होतो तेव्हा डिझेलच्या टाकीखाली शेगडी ठेवायचो. डिझेलमधलं मेण थिजतं, मग गाडी हलत नाही. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये तिथल्यासाठी खास हिवाळी डिझेल काढलं, उणे ३३ पर्यंत वाहतं राहतं. तुमच्याकडे असलं डिझेल मिळतं का, ते आधी बघा.

थंडीतला_पाहुणा:
काका, गाडी पेट्रोलवर आहे.

विजेवरच_चला:
हायब्रिड म्हणजे दोन्ही डगरींवर पाय. सरळ इलेक्ट्रिक घ्या. इंजिनच नाही, मग हीटर कसला?

रेजायनाकर:
आणि मायनस ३० ला रेंज किती उरते तेही सांगा की. ज्याच्या इमारतीत चार्जर नाही त्याने काय करायचं? त्यांनी विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय.

जुनी_प्रियस:
मुद्द्यावर येतो. माझ्या दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियस हायब्रिडला ४०० वॉटचा हीटर आहे, एडमंटनमध्ये कित्येक हिवाळे काढलेत. बटण दाबल्यावर इंजिन सुरू होणं हा बिघाड नव्हेच. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये गाडी रेडी झाली (चालवायला तयार असल्याचं दाखवू लागली) की धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवायला इंजिन थोडा वेळ चालतंच, हीटर लावा नाहीतर न लावा. शिवाय केबिनला ऊब मिळते ती इंजिनच्या कूलंटमधून, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातून. तुम्ही बसल्या बसल्या पंखा फुल केलात तर इंजिन बंद होईल कसं? पहिली काही मिनिटं पंखा कमी ठेवा, सीटचा हीटर लावा. ब्लॉक हीटरचा गुण इंजिन किती लवकर बंद होऊ लागतं यात दिसतो.

आणि थंड वारा अडवायला बॉनेटच्या आतून ग्रिलला पुठ्ठा लावा. सगळी जाळी झाका, फरक लगेच कळेल.

रेजायनाकर:
बाकी पटलं, पण सगळी जाळी झाकू नका! हायब्रिडच्या इन्व्हर्टरला (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलून देणाऱ्या भागाला) स्वतःचं वेगळं कूलंट असतं, तेही पुढच्या हवेवरच थंड होतं. हायवेला लागलात की त्रास होईल.

जुनी_प्रियस:
माझ्या गाडीला कधी झाला नाही.

रेजायनाकर:
तुमची गाडी वेगळी, त्यांची वेगळी. खालचा अर्धा भाग झाका फार तर, आणि थंडी कमी झाली की काढा.

बो_नदीकाठी:
मी तर हीटर लावतच नाही. घराला लागून गॅरेज आहे. दार अर्धं उघडून गाडी दहा मिनिटं रेडीवर ठेवते आणि चहा घेते. आवाजही नसतो.

जुनी_प्रियस:
कृपा करून हे आजपासून बंद करा. आवाज नसतो म्हणूनच ते घातक आहे. रेडीवर असलेलं इंजिन मनात येईल तेव्हा सुरू होतं, कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो, त्याला वास नसतो. गॅरेजमध्ये बटणाच्या गाड्या चालू राहून अमेरिकेत माणसं गेली आहेत. गाडी बाहेर काढा, मगच तापवा. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना?

बो_नदीकाठी:
वरच्या मजल्यावर आहे. खालीही लावते.

थंडीतला_पाहुणा:
माझा प्रश्न राहिला! हीटर तपासायचा कसा?

रेजायनाकर:
मल्टिमीटर (व्होल्ट, रोध मोजायचं उपकरण) आहे का? गाडीकडच्या प्लगच्या दोन चपट्या पिनांमध्ये रोध मोजा. १२० व्होल्टला ४०० वॉट म्हणजे ३६ ओहमच्या आसपास यायला हवा. काहीच आकडा आला नाही तर तार किंवा हीटर तुटलाय.

थंडीतला_पाहुणा:
शेजाऱ्याकडून आणला. ३७ आला.

रेजायनाकर:
हीटर धडधाकट आहे. सॉकेट घरचं की पार्किंगचं?

थंडीतला_पाहुणा:
इमारतीच्या पार्किंगचं. त्याचा काय संबंध?

रेजायनाकर:
हेच आधी लिहायचं होतंत. पुष्कळ पार्किंगमध्ये वीज वाचवायला सॉकेट आळीपाळीने चालू-बंद करतात, काही ठिकाणी बाहेरचं तापमान बघून. चार तास प्लग लावला तरी हीटरला दोनच तास मिळतात. एखादा दिवा लावून तासभर लक्ष ठेवा.

थंडीतला_पाहुणा:
लावला. अर्धा तास चालू, अर्धा तास बंद. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मग रात्रभर लावलेलाच बरा ना?

जुनी_प्रियस:
रात्रभर नको. तीन-चार तासांनंतर इंजिन आणखी तापत नाही, वीज वाया जाते. घरच्या सॉकेटवर निघायच्या तीन तास आधी टायमर लावा, तुमच्या पार्किंगमध्ये पाच-सहा तास धरा. यांत्रिक चकतीचा टायमर घेऊ नका, वीज गेली की तो थांबतो आणि वेळ चुकते. बॅटरीवर घड्याळ चालणारा घ्या. एक्स्टेंशन वायर तीन पिनांची, जाड, बाहेर वापरायची.

आणि १२ व्होल्टची बॅटरी तपासून घ्या. या गाड्यांत इंजिन मोठ्या बॅटरीवरच्या मोटरने फिरतं, पण छोटी बॅटरी मेली तर गाडी रेडीच होत नाही. ब्लॉक हीटर तिला वाचवत नाही.

बो_नदीकाठी:
आमच्या यांची गाडी प्लग-इन, रॅव्ह-फोर प्राइम. चार्जर आणि ब्लॉक हीटर गॅरेजच्या एकाच सर्किटवर चालतील का?

रेजायनाकर:
नाही. सोबत आलेला चार्जर १२ अँपिअर घेतो, हीटरचे तीन-साडेतीन वाढले की १५ अँपिअरचा ब्रेकर पडणार. दोन सर्किटं वापरा, नाहीतर रात्री चार्जिंग आणि ते संपल्यावर पहाटे हीटर.