एका वायफायवर पंचवीस मोबाईल: प्रत्येकाच्या वाट्याला किती वेग येतो, हे काढायचं कसं?

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात, माडीवर अभ्यासिका चालते. दहावीची आणि स्पर्धा परीक्षांची मिळून पंचवीसेक मुलं संध्याकाळी बसतात. मराठीतून तयारी करणाऱ्यांना पुस्तकं कमी मिळतात, त्यामुळे सगळी भिस्त व्हिडिओंवर. कनेक्शन १०० एमबीपीएसचं. राउटर खाली ग्रंथपालांच्या टेबलाशी, फक्त २.४ गिगाहर्ट्झचा. भिंती जांभ्या दगडाच्या, चांगल्या जाड.

मी १०० ला २५ नं भागलं, प्रत्येकी ४ आले. ४८० पीच्या व्हिडिओला तेवढे पुरतात. पण सात वाजले की सगळ्यांचेच व्हिडिओ अडकतात. मग आज सकाळी खोली रिकामी असताना मोजून बघितलं. राउटरला केबल लावून लॅपटॉपवर ९४ मिळाले. राउटरजवळ मोबाईलवर ३८, आणि त्या मोबाईलच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड मात्र ७२ दाखवतंय. माडीवरच्या कोपऱ्यात जेमतेम ३.

यातला कुठला आकडा भागायला घ्यायचा? आणि कोपऱ्यातल्या मुलानं व्हिडिओ लावला की बाकीच्यांचंही का अडतं? मुलांना काय सांगू तेच कळेना झालंय.

प्रतिसाद

ताई, भागाकार वेगाचा नको, वेळेचा करा. एका चॅनेलवर, म्हणजे वायफायच्या हवेतल्या एका वाटेवर, एका वेळी एकानंच बोलायचं असतं, राउटरही त्याच रांगेत. ७२ हा बोलतानाचा वेग. पाळीची वाट बघणं, प्रत्येक पॅकेटनंतरची (माहितीच्या तुकड्यानंतरची) पोच, मधली मोकळी जागा यात जवळपास निम्मा वेळ जातो, म्हणून ३८.

आता कोपऱ्यातला मुलगा. साध्या राउटरवर पॅकेटच्या पाळ्या साधारण सारख्या मिळतात, वेळ सारखा मिळत नाही. जवळच्याला एक मेगाबिट उतरवायला १/३८ सेकंद लागतो, कोपऱ्यातल्याला १/३. दोघं मिळून ०.३६ सेकंद. म्हणजे दोघांनाही पावणेतीन एमबीपीएसच! दोघंही जवळ असते तर प्रत्येकी १९ मिळाले असते बघा. काही राउटरमध्ये वेळ सारखा वाटायची सोय असते, तुमच्यात आहे का बघा.

स्पीड टेस्टवर सगळं सोडू नका, ती लाइन आणि हवा दोन्ही एकदम मोजते. एक लॅपटॉप केबलनं राउटरला जोडा, दुसरा वायफायवर ठेवा, आणि दोघांत आयपर्फ३ हे वेग मोजायचं सॉफ्टवेअर चालवा. मग नुसती हवेची क्षमता कळेल. हे संध्याकाळीही करा, पण थोडाच वेळ, कारण चाचणी स्वतःच मुलांच्या पाळ्या खाते.

रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा, मात्र घेऊ नका. एकाच चॅनेलवर तो प्रत्येक पॅकेट दुसऱ्यांदा बोलतो. माडीवर केबल न्या आणि तिथे दोन्ही बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून नेट घेऊन वायफाय देणारा डबा, लावा. २.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो.

प्रश्नकर्ती

दादा, मनापासून आभार. इतके दिवस कनेक्शनलाच दोष देत होते.

मुलांचे मोबाईल तपासले. नऊ फक्त २.४ वाले, सोळा दोन्ही बँडचे. सगळे माडीवर, ॲक्सेस पॉइंटजवळ आले असं धरून हिशेब केला. सगळे २.४ वरच राहिले तर ३८ भागिले २५, दीडच. गर्दीत तेही मिळायचे नाहीत. सोळा जण ५ वर गेले तर नऊ जणांत ३८, म्हणजे चारच्या वर. केबलच्या ९४ मधले उरलेले ५६ सोळा जणांत, साडेतीन. फिरून माझ्या पहिल्या ४ च्या जवळच आले, पण आता ते कुठून येतात ते दिसतंय.

एकच शंका राहिली. ५ गिगाहर्ट्झ जांभ्याच्या भिंतीतून आणखी कमी जातं म्हणतात. अभ्यासिकेच्या दोन खोल्या आहेत, मध्ये भिंत, दार सताड उघडं असतं. ॲक्सेस पॉइंट दाराच्या चौकटीवर लावला तर दोन्हीकडे पोचेल, की दुसऱ्या खोलीत वेगळा घ्यावा? वर्गणीतून एकाचेच पैसे जमलेत.

प्रतिसाद

आधी एकच घ्या. चौकटीवर तात्पुरता टांगा, दोन्ही खोल्यांच्या लांबच्या कोपऱ्यांत लिंक स्पीड बघा, मगच खिळे मारा. केबल दोन्ही खोल्यांना पुरेल इतकी लांब घ्या.