लाकडी नंदी की प्लॅस्टिकचा ट्रॅक्टर? माहितगारांनी लिहा

तान्हा पोळा, म्हणजे पोरांनी लाकडी नंदी मिरवायचा सण, जवळ आला. बाजारात एका पालावर लाकडी नंदी, बाजूच्याच पालावर प्लॅस्टिकचे ट्रॅक्टर आणि जेसीबी. काय घ्यावं, काय टाळावं आणि का, हे ज्यांना कामातून ठाऊक आहे त्यांनी लिहावं. किस्से नकोत, मापं द्या.

सुतारकाम, आर्वीकडचे

नंदी सागवानाचाच पाहिजे असं काही नाही. शिवण हलकं, कोरायला सोपं आणि कमी चिरणारं. पण लाकूड वाळलेलंच पाहिजे; ओल्याचा नंदी आपल्या उन्हाळ्यात फाटतो.

घेताना आधी चाकं पाहा. फांदीची गोल चकती कापून केलेलं चाक हमखास चिरतं. लाकूड वाळताना घेराच्या दिशेनं जास्त आकसतं, म्हणून काठापासून मध्यापर्यंत भेग पडते. फळीतून कापलेलं चाक टिकतं. चाकाचं भोक आसापेक्षा 1 ते दीड मिमी मोठं हवं, नाहीतर पावसाळ्यात लाकूड फुगलं की चाक जाम.

शिंगं खिळ्यानं ठोकलेली असतील तर घेऊच नका. लाकूड आकसलं की खिळा ढिला होतो, मग शिंग पोट्ट्याच्या हातात अन् खिळ्याचं टोक बाहेर. शिंग बसवायची रीत अशी: 8 मिमीचं भोक, 20-25 मिमी खोल, त्यात लाकडी खुंटी आणि फेव्हिकॉल. रात्रभर हलवू नका.

रंगकाम, वर्धा जिल्हा

लाकूड चांगलं असून रंगानं घात होतो. घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90) आहे, नोव्हेंबर 2017 पासून. अवजारांना मारतात तो औद्योगिक रंग त्या नियमात येत नाही, आणि गावात नंदीला तोच उरलेला डबा लागतो. गडद पिवळा अन् केशरी असेल तर जास्तच जपा. लहान पोरं शिंग चोखतात.

त्यापेक्षा घाण्यावरचं कच्चं जवसाचं तेल बरं. 'डबल बॉइल्ड' नको, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घालतात. पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसा, पूर्ण वाळल्यावर दुसरा हात. कच्चं तेल वाळायला कित्येक दिवस घेतं, म्हणून पोळ्याच्या आदल्या रात्री बसू नका. तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटतो. घराबाहेर दोरीवर पसरून वाळवा.

खेळण्यांचं दुकान, तालुक्याच्या गावी

प्लॅस्टिकला सरसकट नावं ठेवू नका, बाप्पा. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय खूण सक्तीची आहे. ती बघून घ्या. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे, त्यामुळे नंदीवर खूण नसली म्हणून तो खराब ठरत नाही. प्लॅस्टिकवर छापलेल्या त्रिकोणात 2 किंवा 5 आकडा असेल तर बरं. 3 म्हणजे पीव्हीसी जातीचं प्लॅस्टिक, ते टाळा. उग्र वासाची मऊ बाहुली बहुतेक त्यातलीच.

प्लॅस्टिक पत्र्यावर, अंगणात उन्हात ठेवू नका. पांढरट पडलं की ते ठिसूळ झालंय, तुटलं की कडा ब्लेडसारखी लागते. त्याला चिकटवत बसू नका, फेका.

अंगणवाडीतून, धारणीकडून

तोंडात घालायच्या वयाला धुता येईल असं प्लॅस्टिकच सोयीचं. फक्त दाबून शिट्टी वाजणारं पोकळ खेळणं नको, आत पाणी राहून काळी बुरशी धरते. लाकडी खेळणं ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवायचं, भिजत घालायचं नाही.

तीन वर्षांखाली आकार मोजा. 31.7 मिमी व्यासाच्या, तिरक्या तळाच्या छोट्या नळीत जे पूर्ण मावतं ते घशात अडकू शकतं, अशी प्रमाणित कसोटी आहे. नंदीची घुंगरं, मणी, काचा, सारं त्यात मावतं. पूजा झाली की माळा काढून ठेवा, मग नंदी द्या.

आरोग्य उपकेंद्रातून

लाइट लागणारी, गाणं वाजवणारी खेळणी: सेलचं झाकण स्क्रूनं बंद होत असेल तरच घ्या. बटन सेल (बटणासारखा चपटा गोल सेल) गिळला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. उलटी करवू नका, जेवू घालू नका. गावात थांबू नका, जिथं एक्स-रे आणि घशातून दुर्बीण घालून सेल काढायची सोय आहे तिथं थेट न्या, आणि त्याच खेळण्यातला दुसरा सेल सोबत ठेवा.